काढलेल्याला मागणी

प्रशिक्षकाला काढलं, ही बातमी मला नेहमी अर्धवट वाटते. तिचा उरलेला भाग छापून यायचा असतो, पण तो यायला सहा महिने, वर्ष लागतं आणि येतो तो भलत्याच शहराच्या पानावर: अमुक संघाने तमुक यांची नेमणूक केली. तोवर पहिली बातमी वाचून हळहळलेले लोक आपापल्या कामाला लागलेले असतात. त्यांची हळहळ तेवढी फुकट जाते.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधले माईक ब्राउन घ्या. क्लीव्हलँडच्या संघाचे ते प्रशिक्षक होते आणि २००९ साली वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचा सत्कार झाला. २०१० मध्ये त्यांना काढलं. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी घेतलं. २०१२ च्या मोसमात पाच सामने झाले, त्यातले चार हरले, आणि लेकर्सनीही काढलं. पाच सामने म्हणजे नव्या ऑफिसात आपला कप कुठल्या खुंटीला लावायचा हे कळायच्या आत. पुढे २०१३ मध्ये त्यांना पुन्हा कोणी घेतलं? क्लीव्हलँडने. ज्यांनी काढलं होतं त्यांनीच. आणि २०१४ मध्ये पुन्हा काढलंही त्यांनीच. पुढे सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून काढल्यावर २०२२ मध्ये सॅक्रामेंटोने मुख्य प्रशिक्षक केलं, तिथे पुन्हा वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा घरी. जुलै २०२५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या निक्स संघाकडे रुजू झाले. ती खुर्ची रिकामी कशी झाली, तर टॉम थिबोडो यांनी निक्सना २५ वर्षांत पहिल्यांदा विभागीय अंतिम फेरीपर्यंत नेलं, म्हणून त्यांना काढलं होतं. ‘म्हणून’ हा माझा शब्द. संघाने त्यासाठी बरेच लांबलचक शब्द वापरले होते.

हे मी दापोड्यात बसून वाचतो याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटतं. दापोडे, तालुका भिवंडी, माणकोली नाक्याजवळचं गाव. एके काळी इथे भाताची खाचरं होती. आता गोडाऊनं आहेत. मुंबईची जकात चुकवून माल ठेवायला ग्रामपंचायतीच्या हद्दी सोयीच्या, म्हणून आधी लहान गाळे आले, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर लहान गाळ्यांच्या जागी विमानतळासारखे लांबरुंद आले. ज्यांच्या आज्याने या जमिनीत चिखल तुडवला, ते आता भाडं किती चौरस फुटाला मिळतं यावर बोलतात. बास्केटबॉल इथे येतो, पण माझ्या पाहण्यात तो खोक्यातूनच येतो. खोक्यावर चेंडूचं चित्र असतं, शेजारी दोन माणसांनी मिळून उचलावं अशी खूण असते, आणि ते एकटा माणूस पाठीवर मारून आत नेतो. खेळाशी आमचा संबंध तेवढाच.

पण काढून टाकणं आणि पुन्हा नेमणं, या विषयात मात्र आम्हाला कोणी शिकवायला नको. गोडाऊनच्या गेटवरचा सुपरवायझर पाहा. महिनाअखेरीला मालाची मोजणी होते, रजिस्टरात एक आकडा, रॅकवर दुसरा. कुणाला तरी जायला हवं, म्हणून सुपरवायझर जातो. आठवड्याभराने तो मला रस्त्यापलीकडच्या कंपाउंडच्या गेटवर दिसतो. तोच निळा शर्ट, फक्त खिशावरचं नाव बदललेलं. त्याला नव्या ठिकाणी विचारलेला पहिला प्रश्न असतो, आधी कुठे होतास? दुसरा, किती वर्षं? ‘का सोडलं’ हा तिसरा प्रश्न ओठांवर येईपर्यंत बाहेर कंटेनरवाला हॉर्न वाजवायला लागलेला असतो, आणि ज्याला कंटेनर कसा लावून घ्यायचा ते माहीत आहे असा एकच माणूस समोर उभा असतो.

खेळाच्या संघांच्या दारात हा कंटेनर कायम उभा आहे. मोसम जवळ येतो, खेळाडूंची यादी करायची असते, पत्रकार फोन करतात, आणि समितीच्या टेबलावर पाचसहा अर्ज. कुणालाही विचारा, काढलेल्या माणसाला घ्याल का? नाही म्हणेल. पण समितीने नव्या माणसाला नेमलं आणि तो हरला, तर लोक विचारतात, हा कोणी आणला? जुन्या, दोन ठिकाणी नेमलेल्या आणि दोन ठिकाणी काढलेल्या माणसाला नेमलं आणि तो हरला, तर लोक म्हणतात, नशीब. समित्यांना जिंकायची इच्छा असतेच, पण त्याहून मोठी इच्छा असते ती हरल्यावर आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये ही. काढलेला प्रशिक्षक ती सोय अंगावर घेऊन येतो. माझं तर मत असं, की बायोडेटात ‘मुख्य प्रशिक्षक, २०१० ते २०१४’ असं लिहिलेलं असलं की त्यातल्या २०१४ कडे कोणी पाहत नाही. वाचणाऱ्याला दिसतात फक्त ‘मुख्य प्रशिक्षक’ हे शब्द.

याची खात्री करायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. दादर-माटुंग्याच्या मैदानांनी असे दाखले भरपूर दिले आहेत.

रमेश पोवारांची गोष्ट त्यातली सगळ्यात गमतीची. २०१८ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक म्हणून ते तात्पुरते आले. त्या वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तिथे मिताली राजला बाहेर बसवलं, संघ इंग्लंडकडून हरला, आणि मग मिताली आणि पोवार यांची पत्रं वर्तमानपत्रांत एकमेकांना भेटली. हरमनप्रीत कौर आणि स्मृती मानधना यांनी त्यांच्या बाजूने लिहिलं तरी नोव्हेंबरअखेर संपलेली मुदत वाढली नाही. खुर्ची डब्ल्यू. व्ही. रामन यांना मिळाली. रामन यांनी २०२० मध्ये संघाला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, म्हणजे पोवारांपेक्षा एक पायरी पुढे. मे २०२१ मध्ये त्या जागेवर पुन्हा नेमणूक झाली ती रमेश पोवारांची. मधल्या काळात त्यांनी मुंबईला २०२१ ची विजय हजारे करंडक स्पर्धा जिंकून दिली होती, हे खरं. तरी ज्या दारातून जवळजवळ भांडूनच बाहेर पडावं लागलं त्याच दारातून अडीच वर्षांनी आत यायचं, आत मितालीही होती, हरमनप्रीतही होती, हे वाचताना मला पोवारांपेक्षा त्या पहिल्या दिवशीच्या चहाची जास्त काळजी वाटली. कप कोणी कोणाला पुढे केला असेल? डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा त्या खुर्चीवरून उठले, यावेळी बोर्डाने त्यांना बंगळूरच्या अकादमीत पाठवलं. म्हणजे माईक ब्राउन आणि क्लीव्हलँड यांनी जो खेळ केला तो आपल्याकडेही झाला, फक्त आपण त्यावर चर्चासत्रं भरवली नाहीत.

संदीप पाटलांच्या वाट्याला आलं ते याहून सुंदर आहे. सुंदर म्हणायला ते स्वतः तयार होतील की नाही कोण जाणे. काढलं जाण्याचा अनुभव त्यांना खेळाडू म्हणूनच मिळाला होता. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्ली कसोटीत बेजबाबदार फटके मारून बाद झाले म्हणून पाटील आणि कपिल देव दोघांना पुढच्या कसोटीतून वगळलं. कपिल एका सामन्यानंतर परत आले. पाटील कसोटीत परत आलेच नाहीत. एकाच गुन्ह्याला दोघांची शिक्षा, पण दोघांची मुदत वेगळी. पुढे त्यांनी ‘एकच षटकार’ या मासिकाचं संपादन केलं, शिवाय एका हिंदी चित्रपटात नायकही झाले होते, म्हणजे प्रशिक्षक होण्याआधी माणसाने जेवढे धंदे करून बघायला हवेत तेवढे त्यांनी करून बघितले. १९९६ मध्ये अजित वाडेकरांनंतर भारतीय संघ त्यांच्याकडे आला. इंग्लंडचा दौरा झाला, नवज्योत सिद्धू कर्णधाराशी बिनसल्याने दौऱ्यातून निघून आला, मालिका आपण हरलो. लॉर्ड्सला मात्र सौरव गांगुली नावाच्या मुलाने पहिल्याच कसोटीत १३१ धावा केल्या. दौऱ्यानंतर थोड्याच दिवसांत पाटलांच्या जागी मदनलाल आले.

यानंतर त्यांना नोकरी मिळेल अशी आशा कोणी धरली असती तर आमच्या नाक्यावर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. नोकरी मिळाली, केनियाची. ज्या संघाला मोठ्या संघांनी सरावासाठी खेळवायचं, तो संघ. २००३ च्या विश्वचषकात या संघाने नैरोबीत श्रीलंकेला हरवलं, न्यूझीलंड सुरक्षेचं कारण सांगून नैरोबीला गेलाच नाही म्हणून त्यांचे गुण मिळाले, पुढे झिम्बाब्वेला हरवलं आणि केनिया चक्क उपांत्य फेरीत. कसोटी खेळण्याचा दर्जा नसलेला देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. आणि तिथे समोर कोण? भारत. दर्बान, २० मार्च २००३. भारताने ९१ धावांनी सामना जिंकला. नाबाद १११ धावा काढल्या भारताच्या कर्णधाराने, म्हणजे लॉर्ड्सच्या त्याच सौरव गांगुलीने. ज्याचं पहिलं शतक पाटलांनी आपल्या ड्रेसिंग रूममधून पाहिलं होतं, त्याचं हे शतक त्यांनी दुसऱ्या ड्रेसिंग रूममधून पाहिलं. नाटककाराने असं लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवून आणलंय. २०१२ मध्ये भारतीय बोर्डाने पाटलांना बोलावलं आणि निवड समितीचं अध्यक्षपद दिलं. म्हणजे ज्यांना दोनदा घरी पाठवलं त्यांच्याच हातात शेवटी कोणाला घरी पाठवायचं याची यादी आली.

या दोघांहून मला चंद्रकांत पंडित जास्त आवडतात, कारण त्यांनी कोणाला चहा पाजण्याइतका वेळसुद्धा घेतला नाही. आचरेकर सरांच्या तालमीत वाढलेला हा यष्टिरक्षक, पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळला, आणि मग शिट्टी हातात घेतली. शिस्त कडक. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबईने ४१व्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात गेली, इंदूरला, जानेवारी २०१७, आणि गुजरातकडून हरली. दुसऱ्या कुठल्या राज्याने अंतिम फेरी गाठली तर विमानतळावर ढोल वाजतात. मुंबईत उपविजेता म्हणजे नापास. नवे प्रशिक्षक म्हणून समीर दिघे आले, पंडित बाहेर पडले.

त्याच उन्हाळ्यात विदर्भाने त्यांना बोलावलं. विदर्भाने तोवर रणजी कधीच जिंकला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भ विजेता झाला. मैदान? इंदूर. तेच होळकर स्टेडियम, जिथे वर्षभरापूर्वी मुंबईचा प्रशिक्षक म्हणून ते हरले होते. त्या सामन्यात रजनीश गुरबानी या पोराने हॅट्‌ट्रिक घेतली आणि संघात वासीम जाफर होता, तोही मूळचा मुंबईचाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भ पुन्हा विजेता. सलग दोन. मुंबईत हे वाचून ज्यांना आनंद झाला त्यांनी तो घरातच साजरा केला असणार.

मग मध्य प्रदेश. २०२० पासून. यांच्याशी पंडितांचं जुनं येणं होतं, कारण खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या शेवटी ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि १९९९ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना हरले होते. २६ जून २०२२ रोजी त्याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी जिंकला. हरवलं कोणाला हे सांगायला नकोच. मुंबईला. सहा गडी राखून. क्रिकेटच्या मैदानांना स्मरणशक्ती नसते म्हणतात, पण होळकर आणि चिन्नास्वामी यांच्या बाबतीत मला जरा शंका आहे.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाईट रायडर्सनी त्यांना घेतलं, २०२४ मध्ये आयपीएल जिंकलं, २०२५ मध्ये संघ आठव्या क्रमांकावर गेला आणि जुलैमध्ये दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. या धंद्यात शुभेच्छा देणं म्हणजे गेटपास परत घेणं. आणि त्यांच्या जागी ऑक्टोबर २०२५ मध्ये कोण आले, तर अभिषेक नायर. तेही मुंबईचे. भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून त्यांना एप्रिल २०२५ मध्ये वर्षही पुरं व्हायच्या आत निरोप मिळाला होता, आणि निरोपाची बातमी शिळी होण्यापूर्वीच कोलकात्याने त्यांना आपल्या सहायक चमूत घेतलं होतं. आमच्या सुपरवायझरला निदान एक आठवडा लागतो.

पैशाचीही एक बाजू आहे, ती सांगितली नाही तर चित्र फारच करुण होईल. अमेरिकेत करार पूर्ण होण्याआधी काढलं तर उरलेले पैसे बहुधा द्यावे लागतात. मॉन्टी विल्यम्स यांना २०२३ मध्ये फिनिक्सने काढलं आणि लगेच डेट्रॉइटने सहा वर्षांसाठी जवळजवळ ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार करून नेमलं. त्या मोसमात डेट्रॉइट सलग २८ सामने हरलं, एकूण जिंकले १४ आणि हरले ६८, आणि एका वर्षात विल्यम्स मोकळे झाले. पाच वर्षांचे पैसे उरलेलेच होते. अशा माणसाच्या पुनर्नियुक्तीची काळजी आपण करावी का, हा प्रश्न मी घरी मांडला. आई म्हणाली, “मंग त्याला कामाला जायाची गरजच काय हाय?” या प्रश्नावर अमेरिकेतल्या भल्याभल्या लेखकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण मुद्दा एवढाच आहे.

सगळेच परत येतात असंही नाही, किंवा येतात ते त्याच गावात येत नाहीत. डेव्हिड ब्लॅट यांना क्लीव्हलँडने जानेवारी २०१६ मध्ये काढलं तेव्हा संघ ३० सामने जिंकलेला आणि ११ हरलेला होता. जून महिन्यात तोच संघ टायरॉन लू यांच्या हाताखाली विजेता झाला. ब्लॅट इस्तंबूलला गेले आणि २०१८ मध्ये तिथल्या दारुश्शफाका संघाला युरोकप जिंकून दिला. अमेरिकेत त्यांना मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परत मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागत बसण्यात वेळही घालवला नाही.

खरी पंचाईत त्यांची, ज्यांना कोणी काढत नाही कारण आधी कोणी नेमतच नाही. कबड्डी आमच्या भागातला खेळ. क्रिकेटइतकाच, आणि थंडीच्या रात्री क्रिकेटपेक्षा जास्त. म्हणून शैलजा जैन यांची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असायला हवी, पण नाही. नाशिकमध्ये त्यांनी कित्येक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. इराणने त्यांना बोलावलं. त्या गेल्या, भाषा येत नाही, जेवण वेगळं, तरी राहिल्या आणि शिकवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना इराण विरुद्ध भारत. इराण २७, भारत २४. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली तेव्हापासून सुवर्णपदक आपलंच होतं, ते नाशिकच्या बाईंनी तेहरानला पोहोचवलं. त्यांना आधी आपण एकदा नेमून, एकदा काढून मोकळे झालो असतो तर कदाचित त्या पुन्हा कधीतरी आपल्याच वाट्याला आल्या असत्या.

अमोल मुझुमदार याच रांगेतले. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसलेला मुलगा तो. पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा केल्या आणि भारतासाठी एकही सामना खेळला नाही. बसून राहण्याचं असं शिक्षण फार थोड्यांना मिळतं. २०२१ मध्ये पोवारांनंतर मुंबईची खुर्ची त्यांच्याकडे आली, आणि २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात पंडितांच्या समोर मुंबईच्या बाजूला बसले होते ते हेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाची खुर्ची त्यांना मिळाली, तीही पोवारांची जुनी. २०२५ च्या विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा त्यांना काढा म्हणणाऱ्यांची संख्या आमच्या चहाच्या टपरीवर एकदम वाढली. या लोकांना आदल्या आठवड्यात संघाचा प्रशिक्षक कोण हे माहीत नव्हतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विश्वविजेता झाला, दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी. दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे मुझुमदारांच्या शांतपणाबद्दल बोलत होते. मी दोन्ही दिवशी चहा तिथेच घेतला, आणि दोन्ही दिवशी बोलणारे तेच होते.

आता हे सगळं ज्या खेळावरून सुरू झालं त्या बास्केटबॉलचा जनकच बघा. जेम्स नायस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी स्प्रिंगफिल्डमध्ये पीचच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकून हा खेळ शोधला. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे प्रत्येक गोल झाल्यावर कोणीतरी चढून चेंडू काढायचा. पुढे कॅन्सस विद्यापीठात ते प्रशिक्षक झाले. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले ते एकटेच प्रशिक्षक आहेत. खेळ ज्याने काढला त्यालाच तो धड शिकवता आला नाही. आजच्या काळात कोणी त्यांना दुसरा मोसम दिला असता का? माझ्या मते दिला असता. अर्जावर ‘खेळाचे संशोधक’ असं लिहिलेलं असतं ना. समितीला याहून चांगली ढाल कुठे मिळणार?

आमच्या गावातल्या पोरांच्या कबड्डी संघालाही एक कोच होते. त्यांना सगळे काका म्हणतात, माझे नात्याने कोणी नाहीत. एके काळचे डाव्या कोपऱ्यातले खेळाडू, गुडघा गेलेला, दिवसा यंत्रमागावर आणि संध्याकाळी मैदानावर. गेल्या मोसमात पोरं तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाद झाली. तिसऱ्या वेळी तर समोरच्या संघाने मध्यंतरापूर्वीच दोनदा लोण चढवला. मग देवळात बैठक बसली आणि काकांना सांगण्यात आलं की आता जरा तरुण माणूस बघतो. काका हो म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

तरुण माणूस आला. मोबाइलवर प्रो कबड्डीच्या क्लिपा दाखवायचा. पोरांना त्या आवडल्या. पण काकांच्या वेळी पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर यायची, तरुण माणूस स्वतःच सातला यायचा. पुढच्या स्पर्धेतही पहिली फेरी. फरक एवढाच की यावेळी हरलेला सामना आम्ही पुन्हा पुन्हा पाहू शकत होतो.

पुन्हा बैठक. यावेळी मीही होतो, हिशेब लिहायला. पहिला तासभर मॅट भाड्याने आणायची की मातीवरच सराव करायचा यावर गेला. मग कोणीतरी हळूच विषय काढला.

“काकांनाच आना परत.”

“गेल्या टायमाला आपनच काढला ना त्यांना?”

“वायट नव्हतं काका. पोरांच्या पोटान वडापाव व्हता, काका काय करतील?”

गेल्या वर्षी काकांना काढायचं म्हणणारा आणि आता परत आणायचं म्हणणारा माणूस एकच होता, हे मी वहीत लिहिलं नाही. तशी पद्धत नाही. ठराव झाला, दोघे काकांच्या घरी गेले. काका मागल्या दारी मासे साफ करत होते. ऐकून घेतलं. हात धुतले. मग तीन अटी घातल्या: साडेपाच म्हणजे साडेपाच, सामन्याच्या दिवशी पोरांना बाहेरचं काही खायला द्यायचं नाही, आणि यापुढे काढायचं असेल तर मोसम संपल्यावर काढायचं, मधेच नाही, कारण गेल्या वर्षी शिट्टी मंडळाच्या कपाटात राहिली आणि ती काकांची स्वतःची होती.

तिन्ही अटी मान्य झाल्या. शिट्टी मात्र सापडली नाही. नवी आणायचे ऐंशी रुपये मी ‘किरकोळ’ खात्यावर टाकले आहेत.